वळणावरचा पहिला नंबर

शर्यतीत पहिलं येण्याचे दोन मार्ग असतात. एक, सगळ्यांच्या आधी पोचायचं. त्यासाठी सराव लागतो, मान दुखते, कोपरं सोलवटतात, आणि एवढं करून दुसराच कोणीतरी आधी पोचतो. दुसरा मार्ग, तिसऱ्या वळणावर बसलेल्या माणसाशी सलोख्याने राहायचं. शहराबाहेरच्या त्या छोट्याशा कार्टच्या ट्रॅकवर समजूतदार पालक गेली कित्येक वर्षं हाच मार्ग धरत आले होते.

त्या माणसाला सगळे वळणकाका म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं एक नावही त्यांना होतं, पण ते फक्त विजेच्या बिलावर यायचं. अंगात भडक पिवळं जाकीट, कानापर्यंत ओढलेली टोपी, उजव्या गुडघ्याला बांधलेली फोमची गादी, आणि गळ्यात एवढी मोठी लेन्स की नवीन आलेली मुलं गाड्या सोडून आधी तीच बघत राहायची. जुन्या टायरांच्या भिंतीमागे एक गुडघा टेकून ते बसले की उन्हं उतरेपर्यंत उठायचे नाहीत. आधी त्यांनी लग्नं केली, म्हणजे इतरांची, शाळांचे गटफोटो केले, ओळखपत्रांचे फोटो केले. ते सगळं करून ते इथे आले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की इथलं गिऱ्हाईक ऐन वेळी डोळे मिटत नाही आणि 'माझी हनुवटी एकच दिसू दे' असं म्हणत नाही. हेल्मेटचा शोध लावणाऱ्याचे ते मनापासून आभारी होते.

ज्यांनी कार्ट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. चार बुटकी चाकं, एक कडक खुर्ची, आणि मागे गवत कापायच्या यंत्राला शोभेल असं इंजिन. बसणाऱ्याचं बूड जमिनीपासून चार बोटं वर. दार नाही, छप्पर नाही, आणि भाड्याच्या कार्टला तर निष्ठाही नाही, कारण दर शर्यतीला तिच्यावर वेगळंच कोणीतरी बसतं. तरीही प्रत्येक बापाची खात्री असायची, की आपला मुलगा जन्मजात शर्यतपटू आहे, फक्त गाडी नालायक मिळाली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगण खरोखरच वाकडं होतं, त्यामुळे सबब आयती मिळायची. आणि कठड्याशी उभं राहून जे बोलणं कानावर पडायचं, ते ऐकून 'आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं' ही म्हण इथेच जन्मली असावी, असं काकांना वाटायचं.

तर काकांची कला. शर्यतीत सगळ्यात हळू चालवणारा जो असतो, तो थोड्या वेळाने पूर्ण एक फेरी मागे पडतो. मग सगळ्यात पुढचा त्याला मागून येऊन गाठतो. तिसरं वळण इतकं आवळलेलं होतं, की तिथे दोघांनाही वेग कमी करावा लागायचा, आणि क्षणभर शेवटचा पुढे, पहिला त्याच्या मागे, असं दृश्य दिसायचं. तेवढ्यात शटर दाबायचं. कॅमेरा शेवटच्याच्या गाडीबरोबर फिरवत न्यायचा, म्हणजे त्याची गाडी लख्ख येते आणि बाकीचं सगळं पुसट होतं. झाडं, टायर, कठड्यावरचे बाप आणि मागून आलेला खरा विजेतासुद्धा. बघणाऱ्याला वाटावं, की हा पोरगा वाऱ्यावर स्वार झालाय आणि मागचा कोण तो बिचारा धापा टाकतोय. यात काका एक अक्षर खोटं बोलत नसत. ते बोलतच नसत. फोटो हातात द्यायचे आणि आभाळाकडे बघायचे.

एवढ्याने भागलं नाही तर विजेत्यांच्या पायऱ्या होत्याच. लाकडाच्या तीन पायऱ्या, मधली उंच. दोन शर्यतींच्या मधल्या रिकाम्या वेळात ज्याला हवं त्याने मधल्या पायरीवर चढायचं, ट्रॅकच्या मालकांच्या टेबलावरचा सोनेरी प्लॅस्टिकचा चषक उचलायचा आणि काकांकडे बघून हात वर करायचा. ही पद्धत काकांनीच पाडली होती. गर्दी झाली की रांग लागायची. एकदा खरा जिंकलेला मुलगाही त्या रांगेत ताटकळत उभा होता. त्याने कुरकुर केली तर आईनेच त्याला दटावलं, रांग म्हणजे रांग.

फोटो मुरायला चार-सहा महिने लागतात, हा काकांचा अनुभव. विमा विकणारे एक गृहस्थ होते. त्यांचा मुलगा शेवटून पहिला यायचा आणि त्यातही सातत्य होतं. फोटो मिळाला त्या दिवशी ते म्हणाले, "शेवटचा आला, पण फोटो काय आलाय हो!" महिनाभराने म्हणाले, "तसा बरा चालवला त्या दिवशी त्याने." पुढच्या हंगामात चार पाहुण्यांना घेऊन आले आणि काकांच्या खांद्यावर हात टाकून विचारते झाले, "आमचा पहिला आला होता ती शर्यत आठवते ना, काका?" काकांना आठवली. "विसरेन कशी," ते म्हणाले. "शर्यत लोक तासाभरात विसरतात, भिंतीवर राहतो तो फोटो," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं.

आता त्यांच्या घरातली भिंत. बैठकीच्या खोलीत छतापासून सोफ्यापर्यंत परक्यांची पोरं लटकत होती, सगळी हेल्मेटमध्ये, सगळी पहिली. त्यात काकूंचा एकही फोटो नव्हता. लग्नातले फोटो काकांच्या एका जिवलग मित्राने काढले आणि रोल उजेडात उघडून बघितला. त्यानंतर काकूंनी इतरांच्या पुष्कळ लग्नांना हजेरी लावली, पण फ्लॅशची छत्री धरायला, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला. घरी कधी विषय निघालाच तर काका म्हणायचे, "घरचंच तर आहे, कधीही काढू." दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. काकूंचा जगात एकच फोटो होता, लायसन्सवरचा, आणि त्यात त्यांचा एक डोळा मिटलेला होता.

लायसन्स मात्र त्यांच्या उपयोगाचं होतं. मोटार शिकवण्याच्या शाळेत त्या तीस वर्षं शिक्षिका होत्या. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं आणि आपल्या पायाखालचा जादा ब्रेक वेळेवर दाबायचा, ही नोकरी. त्या बाजूला ॲक्सिलरेटर नसतो. म्हणजे तीस वर्षं काकू गाडीत बसल्या आणि तीस वर्षं त्यांनी गाडी थांबवली. 'हळू', 'आरसा बघ', 'अरे, तो खांब आहे, तो बाजूला होणार नाही' ही त्यांची रोजची भाषा. झोपेतही कधीकधी त्यांचा डावा पाय झटका द्यायचा आणि काका पलंगाच्या कडेला जायचे.

सुटीच्या दिवशी काका ट्रॅकवर, म्हणून काकू दुपारी डबा घेऊन यायच्या आणि ऊन कलेपर्यंत कठड्यापाशी बाकावर बसायच्या. त्या शर्यत बघायच्या. तिथे असं करणारं माणूस विरळाच. बाप आपल्या पोराकडे बघायचे, आया मोबाइलकडे आणि काका लेन्समधून एका वेळी एका आकड्याकडे.

अशात मालकांना एक कल्पना सुचली. आया नुसत्या बसून कंटाळतात आणि पोरांना लवकर घरी नेतात, हे त्यांना बरेच दिवस सलत होतं. त्यांनी प्रवेशदारावर फलक लावला, 'आयांची शर्यत. आई, मावशी, काकू, आजी, सर्वांना खुली.' काकूंनी डबा घासायच्या आधी नाव दिलं.

"मी शर्यतीत उतरतेय," संध्याकाळी त्या म्हणाल्या.

काका लेन्स पुसत होते. ते हसले नाहीत. संसार माणसाला एवढं तरी शिकवतो. "अगं, पण तिथे ब्रेक एकच असतो," ते म्हणाले.

"आणि ॲक्सिलरेटरही असतो. तोही माझ्याच पायाखाली." काकू समोर येऊन बसल्या. "हे बघा, मला एक फोटो हवाय. धावतानाचा. जिंकले तर जिंकल्याचा, हरले तर हरल्याचा. शेवटची आले तर शेवटची दिसू दे, मला लाज नाही. पण तुमचं ते वळणावरचं काही नको आणि पायरीवरचं तर मुळीच नको. खरा फोटो. एवढ्या वर्षांत एक."

"बरं."

"बरं नाही. शब्द द्या."

"दिला, बाई."

"तिथे लावणार आहे मी तो." त्यांनी भिंतीच्या मधोमध बोट दाखवलं. तिथे विमावाल्यांचा मुलगा होता. काकूंनी उठून त्याला तेव्हाच खाली उतरवलं आणि खिळा रिकामा ठेवला.

काकांनी शब्द दिला खरा, पण रात्रभर त्यांच्यातला नवरा आणि छायाचित्रकार यांचं खलबत चाललं. दोघांचं एका गोष्टीवर एकमत होतं, की काकू शेवटच्या येणार. ज्या बाईने तीस वर्षं लोकांना थांबायला शिकवलं, ती वळणावर दुसरीला 'आधी तुम्ही' म्हणणार. मग तो फोटो वर्षानुवर्षं भिंतीवर. पाहुणे येणार, बघणार, काहीतरी बोलणार, आणि हिचं तोंड उतरणार. त्यापेक्षा आपली कला काय परक्यांसाठीच आहे का? कळणारही नाही तिला. खूश होईल. काकांना स्वतःच्या प्रेमळपणाचं अगदी कौतुक वाटलं.

शर्यतीच्या दिवशी चिठ्ठ्या टाकून गाड्या वाटल्या. काकूंना सात नंबर आला. खरा फोटो काढायचा तर अंतिम रेषेपाशी उभं राहायला हवं, तिथे कोण कितवं येतं ते लपत नाही. काका 'सात, सात' असं घोकत तिसऱ्या वळणाकडे चालू लागले.

ते निम्म्या वाटेत असतील तेवढ्यात इकडे घोटाळा झाला. सात नंबरमध्ये काकूंचे पाय पेडलपर्यंत पोचेनात. मेकॅनिकने त्यांना खांद्याला धरून बाहेर काढलं आणि चार नंबरमध्ये बसवलं, तिचे पेडल बुटक्यांसाठी खुर्चीजवळ ओढलेले होते. चार नंबरात आधी दातांच्या डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. त्या उंच, त्यांचे गुडघे स्टिअरिंगला लागत होते, त्या आनंदाने सातमध्ये गेल्या. भाड्याचे काळे झगे सगळ्यांना सारखे, भाड्याची हेल्मेटं सारखी. काकूंनी चार नंबरमधून पलीकडे हात केला, चांगला उंच, दोनदा. काका त्या वेळी खाली मान घालून कॅमेऱ्याच्या पडद्यावर बोट फिरवत होते.

झेंडा पडला. पहिल्याच वळणावर दोघी एकमेकींना अडल्या आणि गाडीतल्या गाडीत एकमेकींची माफी मागू लागल्या. त्यांच्या बाजूने चार नंबर निघून गेली. सात नंबर सगळ्यांच्या मागे राहिली. ती वळणावर पोचायच्या आधीच ब्रेक लावायची, वळणात लावायची आणि वळण संपल्यावर आठवण म्हणून आणखी एकदा लावायची. टायरांमागून काकांनी ते बघितलं आणि त्यांचं मन भरून आलं. "ब्रेकच दाबतेय, बिचारी," ते पुटपुटले. "सवय कुठे जाते." दर फेरीला त्यांनी सात नंबरचे धडाधड फोटो काढले, समोरून, बाजूने, गुडघ्यावर, पोटावर झोपून. स्वतःच्या बायकोवर त्यांनी आयुष्यात एवढे श्रम कधी घेतले नव्हते.

त्यांना आता फक्त पहिली येणारी हवी होती. ती आली पाचव्या फेरीला. चार नंबर. काय यायची ती! ब्रेक म्हणून लावायची ती अगदी शेवटच्या क्षणी, एकदाच, आणि वळण संपायच्या आत इंजिन पुन्हा ओरडायला लागायचं. काकांना वाटलं, एवढी घाई बरी नव्हे. सात नंबर वळणात शिरली, तिच्या मागे चार. "जरा दमाने घे की गं बाई," काका लेन्समागून करवादले. "घरी काही कामधंदा नाही वाटतं हिला." आणि त्यांनी शटर दाबलं.

फोटो असा साधला, की काकांना तिथल्या तिथे कळलं. सात नंबर लख्ख. पुढच्या चाकाची खोबणसुद्धा मोजावी. हेल्मेटवर उन्हाची तिरीप, स्टिअरिंगवर घट्ट मूठ. मागे चार नंबर, एक करडा डाग. पुढच्या दोन फोटोंत ती चौकटीबाहेर निघून जाताना तिचं कोपर तेवढं सापडलं होतं.

शर्यत संपली. काका टायर ओलांडून लगबगीने निघाले. वाटेत त्यांनी चेहरा तयार केला, जरा हळवा, जरा मिश्कील. सात नंबर शेवटची येऊन थांबली होती. काकांनी हेल्मेटवर हळूच थोपटलं आणि म्हणाले, "काही वाईट वाटून घेऊ नकोस गं. उतरलीस हेच खूप झालं. घरी गेल्यावर पाय चेपून देतो."

हेल्मेट निघालं. आत डॉक्टरीणबाई होत्या.

"काका?" त्या म्हणाल्या.

काकांना पाय चेपण्याबद्दल काय खुलासा करावा ते सुचेना. त्यांनी वळून पाहिलं. मधल्या उंच पायरीवर काकू उभ्या होत्या. केस घामाने कपाळाला चिकटलेले, गालावर हेल्मेटच्या गादीचा वळ, दोन्ही हातांत प्लॅस्टिकचा चषक. काकांना बघितल्यावर त्या एवढ्या हसल्या, की तसं हसू त्यांनी बायकोच्या तोंडावर कधी पाहिल्याचं त्यांना आठवेना. त्यांनी कॅमेरा उचलला नाही. उचलायला हवा होता.

"काढलात?" काकूंनी वरूनच ओरडून विचारलं.

"काढला," काका म्हणाले. "झकास आलाय."

चषक मालकांनी लगेच परत घेतला, दुसऱ्या दिवशी पोरांच्या फोटोंना लागणार होता. निकालाचा फळा पुसला. तासाभराने काकू पहिल्या आल्या होत्या याचा जगात एकच पुरावा उरला होता आणि तो, सगळ्यांच्या समजुतीप्रमाणे, काकांच्या पिशवीत होता.

घरी काकूंनी हातपाय धुतले, केस विंचरले, आणि फोटो स्वतःचाच असूनही नीट साडी बदलून संगणकासमोर येऊन बसल्या. काका एकेक फोटो दाखवू लागले. सात नंबर समोरून. सात नंबर बाजूने. सात नंबर वळणात.

"या डॉक्टरीणबाई," काकू म्हणाल्या.

"हो."

"याही त्याच."

"हो."

मग तो फोटो आला. झकास आलेला. काकूंनी पडद्यावरच्या करड्या डागावर बोट ठेवलं. "आणि ही मी?"

काकांनी मान हलवली. काकूंनी आरडाओरडा केला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटत होती, की ते भराभर बोलत सुटले. डाग मोठा करून बघू. केला, तर मोठा डाग झाला. उद्या त्याच पायरीवर उभी राहा, चषक मागून आणतो.

"त्या पायरीवर कोण उभं राहतं ते मला नका सांगू," काकू म्हणाल्या. "तुम्हीच रांग लावता."

"मग असं करू, आठवड्याच्या मधल्या वारी ट्रॅक रिकामा असतो. तू नुसती चालव, मी रेषेपाशी उभा राहतो. अगदी खरा काढतो."

"आणि हरवू कोणाला? तुम्हाला?" काकू उठल्या. "तुम्ही रेषेपाशी उभेच नव्हता ना?"

काकांनी माउस उगीच इकडेतिकडे फिरवला.

"शेवटचीच येणार म्हणून ना?"

काकूंनी स्वयंपाकघराचा दिवा लावला आणि भांडी जरा जोरात ठेवली. भिंतीवरचा खिळा तसाच राहिला. विमावाल्यांच्या मुलालाही कोणी परत टांगलं नाही.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंचा निरोप आला, त्यांना फोटो हवा होता आणि सगळ्यात मोठा हवा होता. काका म्हणाले, नाही देत मी. "द्या की," काकू म्हणाल्या. "त्यांचाच फोटो आहे तो." त्यांच्या आवाजात राग नव्हता, याची काकांना जास्त भीती वाटली.

मध्ये काही महिने गेले. वळणकाका तिसऱ्या वळणावर बसत राहिले, कारण माणसाला लाज वाटली तरी धंदा बदलतोच असं नाही. शेवटच्याला पुढे दाखवताना मागच्या पुसट डागाकडे त्यांचं लक्ष जायचं, एवढाच फरक. मग एका सकाळी काकूंची दाढ ठणकू लागली, आणि शहरात दातांच्या बऱ्या डॉक्टर एकच होत्या.

दवाखान्यात ती उताणी होणारी खुर्ची होती, आणि खुर्चीत उताणं झालेल्या माणसाला समोर जे दिसतं, नेमकं तिथे डॉक्टरीणबाईंनी तो फोटो लावला होता. चांगली जाड चौकट, वर छोटा दिवा. काकू आडव्या झाल्या. त्यांचा गाल बधिर केला, दोन्हीकडे कापूस कोंबला, लाळ ओढणारी नळी अडकवली. तोंड उघडं आणि बोलायची सोय नाही, अशी त्यांची बैठक जमली. काका कोपऱ्यातल्या स्टुलावर पर्स सांभाळत बसले.

"सगळे पेशंट विचारतात हो या फोटोचं," डॉक्टरीणबाई यंत्र हातात घेत म्हणाल्या. "म्हणतात, 'काय वेग पकडलाय तुम्ही!' मी तेव्हा पहिली नव्हते आले काही. दुसरी की तिसरी आले असेन. पण चुरस काय होती ना! ही मागची बघा, शेवटपर्यंत माझ्या मागे लागली होती, पण मी काही पुढे जाऊ दिली नाही."

काकूंच्या घशातून एक आवाज आला.

"दुखतंय का?" डॉक्टरीणबाईंनी प्रेमाने विचारलं. "अजून थोडं औषध देते."

त्या बाई खोटं बोलत नव्हत्या, हे काकांना स्पष्ट दिसत होतं. फोटो मुरला होता. काका उठून उभे राहिले. आयुष्यात प्रथमच ते आपल्या फोटोबद्दल बोलणार होते, त्यामुळे आवाज जरा चिरकला. "डॉक्टर, ती मागची ना, ती ही. हीच. ही पहिली आली. तुम्ही शेवटच्या होता. ही तुम्हाला अख्खी एक फेरी टाकून पुढे गेली, आणि मी मुद्दाम असा फोटो काढला, कारण मला वाटलं तुम्ही म्हणजे ही."

डॉक्टरीणबाई मनमोकळं हसल्या. "काका, तुम्ही पण ना! बायकोची बाजू घ्यावी तर तुमच्यासारखी. पण समोर दिसतंय की सगळं. तुम्हीच तर काढलाय." त्यांनी यंत्र सुरू केलं. "आ करा, काकू. अजून मोठा."

घरी ते चालतच निघाले. काकूंचा अर्धा गाल सुजलेला, अर्धं तोंड बधिर. चौकात काकू थांबल्या आणि जड जिभेने, एकेक शब्द गोळा करत म्हणाल्या, "अहो, मी जिंकले होते ना?"

काकांना वाटलं ही चेष्टा करतेय. त्यांनी बघितलं. चेष्टा नव्हती.

"तुम्ही बघितलंत ना मला?" काकूंनी विचारलं. "एकदा तरी?"

'विसरेन कशी' हे शब्द काकांच्या जिभेवर तयार होते, वर्षानुवर्षांच्या सवयीचे. त्यांनी ते गिळले.

"नाही गं," ते म्हणाले. "मी सात नंबर बघत होतो."

एक सायकलवाला घंटा वाजवत गेला. काकूंनी रुमालाने तोंडाचा कोपरा पुसला, तिथून थोडी लाळ गळत होती आणि त्यांना ती कळत नव्हती. काकांनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. त्यांना रडू येत होतं आणि भर रस्त्यात ते कुठे ठेवावं ते समजत नव्हतं.

"सांग मला," ते म्हणाले. "पहिल्यापासून."

"आता?"

"आता."

"तोंड बघा माझं."

"असू दे. सांग."

काकूंनी जरा विचार केला. मग सांगायला लागल्या. मेकॅनिकने कसं उचललं, चार नंबरच्या खुर्चीला कसा रॉकेलचा वास होता, हात केला तेव्हा पलीकडे कोणी बघितलं नाही. पहिल्या वळणावर त्या दोघी अडल्या, आणि उजवा पाय आपणहून खाली गेला. 'हळू' म्हणायला शेजारी कोणीच नव्हतं. 'फ' आणि 'प' त्यांना नीट म्हणता येत नव्हते, त्यामुळे पहिली फेरी समजून घ्यायला काकांना फार जवळून चालावं लागलं.

तिसऱ्या फेरीला घर आलं. किल्ली काकांच्या खिशात होती, पण त्यांनी ती काढली नाही. ते दारात उभे राहिले आणि काकू पुढे सांगत राहिल्या.